हावड्याची भट्टी

"वहिनी, थालीपीठ खरपूस होऊ द्या हं," असं स्वयंपाकघराकडे बघून सांगत श्यामराव खुर्चीत टेकले, तेव्हाच दिगंबररावांनी त्यांना उठवायला हवं होतं. देणी थकल्यामुळे श्यामरावांची हावड्याची ओतकामाची कंपनी मोडीत काढावी, या अर्जाची उद्या हायकोर्टात सुनावणी. आणि अर्ज करणाऱ्या सान्यालबाबूंचे सॉलिसिटर खुद्द दिगंबरराव. पण कलकत्त्यात घरी आलेल्या मराठी माणसाला दारातूनच परत कसं धाडायचं?

"श्यामराव, केसबद्दल एक अक्षर बोलू नका," एवढं मात्र ते म्हणाले.

"तुमच्याशी नाही, तर कुणाशी बोलू?"

आणि श्यामराव बोललेच. कारखाना चालू आहे, असं त्यांनी कोर्टात शपथेवर लिहून दिलं होतं. प्रत्यक्षात कामगारांचा घेराव झाल्यापासून भट्टी थंड. कोर्टाचा माणूस पाहणीला आला त्या दिवशी त्यांनी जुने टायर जाळून चिमणीतून धूर काढला. तो पठ्ठ्या गल्लीतूनच धूर बघून परत गेला. सांगताना श्यामरावांना आधी हसू आलं, मग रडू आलं. कारखान्यापायी राहतं घर गहाण पडलं होतं.

"अहो, मी त्यांचा वकील आहे."

"म्हणून तर आलो. त्यांचा वकील बंगाली असता तर आलो असतो का?"

आता बोला. ऐकलेलं सान्यालबाबूंना सांगावं, तर घरी आलेल्या माणसाचा गळा कापायचा. लपवावं, तर ज्याचं वकीलपत्र घेतलं त्याच्याशी बेइमानी. दिगंबररावांना श्यामरावांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. सुटायची वाट एकच होती. त्यांनी श्यामरावांसमोरच फोन फिरवला.

"सान्यालबाबू, मला तुमची केस सोडावी लागेल. कारण सांगता येणार नाही."

पलीकडून सान्यालबाबूंनी सावकाश विचारलं, "तुमचे ते मराठी गृहस्थ घरी आले होते वाटतं?"

दिगंबररावांना नाही म्हणवेना, हो म्हणता येईना. ते गप्प राहिले.

"ठीक आहे. आजच भट्टी बघायला माणूस पाठवतो. थँक यू, सर."

दिगंबररावांनी फोन खाली ठेवला. श्यामरावांनी डोळे पुसले.

"फार उपकार केलेत, दिगंबरराव. काय म्हणाले ते?"

"थँक यू म्हणाले."