भाड्याची गेथशेमनी

येशूने अखेरच्या रात्री जिथे प्रार्थना केली, ती गेथशेमनी बाग अमर आहे. आमच्या वसईच्या चर्चमध्ये ती दर पवित्र गुरुवारी डेकोरेटरकडून भाड्याने येते.

पूर्वी ती आमच्याच बागायती वाड्यांमधून यायची. कोणी केळीचे खांब आणायचं, कोणी क्रोटनच्या कुंड्या. ओल्या मातीच्या गारव्यात प्रार्थनेला बसलेले पुरुष थेट त्या रात्री बागेत डुलक्या घेणाऱ्या येशूच्या शिष्यांसारखे झोपी जायचे. आता वाड्यांच्या जागी इमारती आहेत आणि वेदीपाशी प्लास्टिकची ऑलिव्हची झाडं.

यंदा रेजीनमावशी मोगऱ्याची कुंडी घेऊन आल्या. विकलेल्या वाडीतलं तेवढंच झाड त्यांच्याकडे उरलं होतं.

"मावशी, जेरुसलेममध्ये मोगरा नव्हता," सजावट समितीचा पास्कू म्हणाला.

"मग प्लास्टिक होतं का रे?"

पास्कूने एक ऑलिव्ह सरकवून जागा करून दिली.

संध्याकाळी मोगरा उमलला. वास पार मागच्या बाकापर्यंत गेला, कुजबुज थांबली, मोबाइल खिशात गेले. थोड्या वेळाने पास्कू चक्क घोरू लागला.

"आता कशी आपली बाग वाटते," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

शुक्रवारी सकाळी डेकोरेटरच्या माणसांनी सगळी झाडं टेम्पोत भरून नेली. मावशींच्या कुंडीसकट.