तुलनेसाठी रक्त

नागपूरहून आलेल्या डॉ. ठोंबरेंना शिरपुरात दोन बायकांचं रक्त हवं होतं. एक आजारी, एक चांगली. एकाच घरातल्या, एकाच चुलीवरचं जेवणाऱ्या. खिन्नतेच्या आजाराची खूण रक्तातल्या प्रथिनांत सापडते का, हे ते शोधत होते. १९७४ साल होतं. खूण सापडली, तर ‘हिला काय धाड भरलीय’ असं कोणी म्हणणार नव्हतं.

आजारी कोण, हे शांतीलाल कापडवाल्यांच्या घरात विचारावंच लागलं नाही. धाकट्या भावाची बायको अंगुरीबाई सहा महिने भिंतीकडे तोंड करून बसलेली. तिनं मुकाट्यानं हात पुढे केला.

चांगली म्हणून शांतीलालनी आपल्या बायकोला, पानाबाईला बसवलं. उपाशीपोटी रक्त हवं होतं, तीही सोय झाली. तिचा कालचा उपास अजून सुटायचा होता. महिन्यातला नववा. शेजारणी तिच्या पाया पडून जात, हे सांगताना शांतीलाल फुलून गेले होते. डॉक्टरही शहाणेच, त्यांनी बाटलीवर आधीच ‘निरोगी’ लिहून टाकलं आणि मग रक्त घेऊन बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली.

शांतीलाल पारण्याचं बघायला खाली गेले. डॉक्टरांनी राहिलेले प्रश्न काढले, रीत म्हणून. झोप लागते का? पानाबाईनं नाही म्हणून मान हलवली. रडू येतं? आधी यायचं, म्हणाली. डॉक्टरांचं पेन थांबलं. भूक?

जैनाघरी उपास धरायचा तर सकाळी हात जोडून पच्चक्खाण घेतात, म्हणजे व्रताचा शब्द देतात. पानाबाईनं आधी दाराकडे पाहिलं.

“पच्चक्खाण एकबी नाही घेतलं मी. ताटावर बसावंच वाटत नाही. उपास आहे म्हटलं का कोणी इचारत नाही, काहून जेवली नाही म्हणून.”

डॉक्टरांना मागच्या चार गावांतल्या ‘निरोगी’ बाटल्या आठवल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली.

जिन्यावर पावलं वाजली. शांतीलाल मुगाचं पाणी स्वतः घेऊन येत होते. पानाबाईनं बर्फाच्या डब्याकडे बोट केलं.

“माह्या बाटलीवरचं खोडा. त्याईले सांगू नका. पण एका तरी जागी खरं लिवलेलं राहू द्या.”

मग डोक्यावर पदर घेऊन तिनं पारण्याची वाटी दोन्ही हातांनी घेतली. शांतीलालच्या मागे दोन बायका पाया पडायला थांबल्या होत्या.