अडॅप्टर

सेल्समनने प्लग उलटा करून पाहिला, दाबून पाहिला. बसेचना. चार्जिंग स्टेशन दुसऱ्या कंपनीचं होतं. वर्षानुवर्षं गाड्या विकणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसावं? ठाऊक होतं हो. पण ‘आपली गाडी कुठेही चार्ज होते’ हे त्याने इतक्या गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं, की शेवटी त्याचं त्यालाच खरं वाटू लागलं होतं.

मागच्या सीटवर आई होती. नाकावर मास्क, पायाशी ऑक्सिजनची टाकी, टाकीचा काटा लालकडे निघालेला. हॉस्पिटल डोंगरापलीकडे. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी तिथून यायला वेळ लागेल असं सांगून फोन ठेवला होता.

पलीकडे एक बाई अगदी तशीच गाडी चार्ज करत उभी होती. मध्ये अडॅप्टर लावून. हा हात जोडतच धावला. बाईने त्याला न्याहाळलं.

“तुम्हीच विकलीत ही मला.”

जुनं गिऱ्हाईक! त्याच्या जिवात जीव आला. ताईंनी अडॅप्टर घेतला हे फार बरं केलं, असंही तो म्हणून गेला.

“नंतर घेतला,” बाई म्हणाली. “यांच्या छातीत दुखत होतं. अशाच स्टेशनवर प्लग बसेना. हे गाडीतच गेले.”

तो माफी मागू लागला, आईकडे बोट दाखवू लागला, पाया पडायलाही वाकला. बाईने शांतपणे केबल काढली आणि अडॅप्टर हातात धरला. तिचं काम झालं होतं. द्यायला तिची ना नव्हती.

“मला काय खोटं सांगून गाडी विकलीत, तेवढं तुमच्या आईला कबूल करा. मग न्या.”

तो गाडीपाशी गेला. बाई त्याच्या मागोमाग येऊन उभी राहिली. आईने मास्क जरासा उचलला.

“होतेय ना रे बाळा चार्ज?”

त्याने तोंड उघडलं. खरंच सांगणार होता तो. पण जिभेला लागलेली सवय कुठे जाते?

“होतेय की, आई. आपली गाडी कुठेही होते.”

आईने समाधानाने मान हलवली आणि मास्क पुन्हा नाकावर घेतला. बाई अडॅप्टर घेऊन मागे फिरली. पलीकडे तिच्या गाडीची डिकी बंद झाल्याचा आवाज आला.