रुझाच्या मांडीवरची पर्स

“शिकारीला का, काका?”

उना नदीच्या पुलापलीकडे, बोस्नियाच्या नाक्यावर, तरुण शिपायाने गाडीच्या खिडकीत वाकून विचारलं. ब्लाझने मान हलवली. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, रुझाने, मांडीवरची पर्स पोटाशी ओढली.

काय मारणार?

“रानडुक्कर,” ब्लाझ म्हणाला.

(स्वतःला. पण रुझाला कुणी विचारलं नव्हतं.)

कुत्रा नाही आणला?

कुत्रा म्हातारा झालाय, असं ब्लाझने सांगितलं.

(गारो तीन वर्षांचा आहे. काल ब्लाझने तो शेजाऱ्याला देऊन टाकला. पट्ट्यासकट, जेवणाच्या भांड्यासकट. परत येणारा माणूस भांडं देत नाही.)

काडतुसं किती?

“एक.”

शिपाई हसला. एवढा नेम असेल तर आमच्या साहेबांनाही शिकवा, म्हणाला. ब्लाझही हसला. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच.

मग शिपायाने डिकी उघडायला सांगितली. ब्लाझ उतरून मागे गेला.

पहाटे ब्लाझ दाढी करत होता, तेव्हा रुझाने पेटी उघडून रायफलचा बोल्ट, काडतूस आत ढकलणारा लोखंडी तुकडा, काढून घेतला होता. तो नसला की रायफल म्हणजे नुसती नळी. मोज्यात गुंडाळून तिने तो पर्समध्ये, विणकामाखाली दडपला. बहिणीला भेटायचंय म्हणून हट्टाने गाडीत बसली. पुलावर पोचलो की उनेत फेकायचा, असं ठरवलं होतं.

पुलावर गाडी थांबलीच नाही.

आणि आता तो पर्समध्ये सापडला, तर कोठडी. नाही सापडला, तर जंगल.

मागून शिपायाचा आवाज आला. “बोल्ट कुठंय, काका? डुकराला दांडक्याने बडवणार काय?”

बाजूच्या आरशात रुझाला ब्लाझ दिसला. तो पेटीकडे बघत नव्हता. आरशातून तिच्याकडे बघत होता.

“घरी राहिला,” तो म्हणाला. “वय झालं.”

शिपाई रुझाच्या खिडकीपाशी आला, मागोमाग ब्लाझ. पर्सकडे बोट दाखवलं. यात काय?

(      )

“लोकर आणि सुया,” रुझाचं तोंड उघडायच्या आत ब्लाझ म्हणाला. “चार वर्षं एकच स्वेटर विणतेय.”

थंडीच्या आत संपवा हो काकू, म्हणत शिपायाने शिक्का मारला. दांडा वर गेला.

रस्ता झाडीत शिरला. समोरची नजर न हलवता ब्लाझने उजवा हात तिच्यापुढे धरला. तळवा उघडा.

“जड असेल,” तो हळूच म्हणाला. “दे इकडे.”

रुझाने पर्सचा पट्टा मनगटाला एक वेढा दिला. मग आणखी एक.

हात तसाच उघडा होता.