धाकटीचा आवाज

“आणखी एक ‘म्हणजे’!” दादा पुटपुटला आणि त्यानं ते उडवलं.

पडद्यावर धाकट्या बहिणीचा आवाज निळ्या उंचसखल रेषांनी पसरला होता. कुठे खोकला, कुठे पाण्याचा घोट, कुठे खुर्चीची करकर. चुकली की ती म्हणायची, “थांब, थांब, पुन्हा,” आणि तेच वाक्य तीनतीनदा बोलायची. त्यातलं बरं दादा ठेवायचा. अडखळणं, धाप, निरोपानंतरची न ऐकलेली बडबड, सगळ्यावर कात्री चालवायची आणि भाग इंटरनेटवर चढवून मोकळं व्हायचं, हा त्याचा शनिवारचा उद्योग. दिवसभर स्टुडिओत साबणाच्या नि रंगाच्या जाहिराती साफ करून आल्यावर हे वर घरचं धुणं.

धाकटीचा पॉडकास्ट आता घरोघरी पोचला होता. आठवड्याची एक बातमी, एक रीत, एक नवल. डोंगरातली माणसं शीळ घालून गप्पा कशा मारतात, ऑक्टोपसला तीन हृदयं कशाला लागतात, दूरच्या निवडणुकीनं आपल्या घरचं तेल का महागतं, असलं काहीबाही ती सांगायची, आणि अशी सांगायची की भाजी चिरणारी बाई सुरी हातात धरून तशीच उभी राहायची. लोक म्हणायचे, “काय ओघ आहे हो पोरीचा! कुठे म्हणून अडखळत नाही.”

हे ऐकलं की दादाच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. ज्याचं त्याला आणि गाढव ओझ्याला!

वडील तर भेटेल त्याला थांबवून सांगायचे, “आमची लेक बरं का ती.”

“आणि मुलगा काय करतो?”

“तो? तो आहे ना, कंप्युटरवर काहीतरी करतो.”

ते ‘काहीतरी’ दादाच्या घशाखाली उतरत नव्हतं. लहानपणी धाकटीला बोबडं बोलण्यावरून सगळे चिडवायचे, तेव्हा हाच तिच्या बाजूनं भांडायचा. आता मात्र तिचं कौतुक कानावर पडलं की त्याच्या पोटात दुखायचं. त्याला मत्सर वाटत होता. साधा, उघडा मत्सर. मनातल्या मनात तो तसं कबूलही करायचा आणि वर म्हणायचा, का वाटू नये?

गेल्या रविवारी आईकडे जेवताना धाकटीनं विचारलं होतं, “दादा, शेवट कसा वाटतो रे तुला?”

“लांबतो जरा.”

तिनं भाताचा घास कालवला. मग ताटाकडे बघत म्हणाली, “लांबू दे. तेवढं मी कमी करणार नाही.”

“तू ऐकतेस तरी का स्वतःचं?”

“छे! स्वतःचा आवाज कानावर आला की पळून जावंसं वाटतं मला. तू आहेस ना ऐकायला.”

तू आहेस ना! म्हणजे राबायला हा आणि मिरवायला ती. माज आलाय, दुसरं काय, असं म्हणून दादानं पाण्याचा पेला जोरात खाली ठेवला होता.

आणि आता ही निवड. एका मोठ्या वाहिनीनं धाकटीचा या आठवड्याचा भाग परीक्षकांसाठी मागवला होता. पसंत पडला तर वर्षभराचा कार्यक्रम तिचा. तिथं संकलनाला त्यांची स्वतःची माणसं होती. धाकटीनं हे फोनवर हसत हसत सांगितलं होतं, “तुझी एकदाची सुटका होईल बघ, दादा.”

सुटका! दादानं माउसवरचा हात उचलला. बराच वेळ तो त्या निळ्या रेषांकडे बघत बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इतकी वर्षं ती मूठ त्यानं झाकून धरली होती.

त्यानं केलेली सगळी कापाकापी पूर्ववत केली. ‘म्हणजे’ परत आलं, खोकला परत आला. पुढचं त्यानं ऐकलंसुद्धा नाही. भाग होता तसा श्रोत्यांसाठी चढवला, तसाच परीक्षकांना पाठवला आणि गाढ झोपला.

रविवारी सकाळी नेहमीसारखे सगळे आईवडिलांकडे जमले. आत्याही मुद्दाम आली होती. वडिलांनी स्पीकर टेबलाच्या मधोमध ठेवला. आई मटार सोलायला बसली. धाकटी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात पळाली, दार लावून तिनं नळ सोडला.

“नमस्कार, मी तुमची... थांब, थांब, पुन्हा.”

आत्या फिसकन हसली. “अगंबाई, हे काय?”

खोकला आला. खुर्ची करकरली. तेच वाक्य तिसऱ्यांदा आलं. शिळेची भाषा सांगता सांगता धाकटी अशी काही गडबडली की शीळ कोण घालतं आणि ऐकतं कोण, याचा पत्ता लागेना. आईचे हात थांबले.

“मशीन बिघडलं की काय रे?” वडिलांनी विचारलं.

“मशीन उत्तम आहे, बाबा. ती अशीच बोलते.”

वडिलांचं तोंड एवढंसं झालं. दादाच्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं. नळ बंद करून तिला बाहेर बोलवावं आणि सगळ्यांसमोर ऐकवावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

अखेर निरोपाचं वाक्य आलं. त्यातही ती दोनदा अडखळली. वडिलांनी घाईघाईनं बंद करायला हात पुढे केला.

“राहू द्या,” दादा म्हणाला. “अजून थोडी खोकेल.”

स्पीकरमध्ये खुर्ची करकरली. मग धाकटीचा आवाज आला, एकदम मोकळा, घरात बोलावं तसा.

“आता दर भागाच्या शेवटचं. ऐकून ऐकून तुम्हाला पाठ झालं असेल, तरी सांगते. मी अशी बोलत नाही हो. मी खोकते, अडखळते, एकच वाक्य तीनदा म्हणते. तुम्हाला आवडतो तो ओघ माझा नाही, माझ्या दादाचा आहे.”