चाळीस सेकंदांची मालकी

"म्हणजे त्या मेल्यानं चोरलं काय? काहीच नाही?" माईंनी विचारलं.

"शांतता चोरली, आई," लेक म्हणाली. "बाबांच्या व्हायोलिनमधली. चाळीस सेकंदांची. आणि स्वतःच्या रेकॉर्डमध्ये घातली."

माईंच्या डोक्यात काही शिरेना. गप्प बसण्याला कधी मालक असतो?

पण ती शांतता साधीसुधी नव्हती. ह्यांनी घरीच टेपवर भरलेली ती धून. ऐन रंगात आली की सूर एकदम थांबायचे आणि चाळीस सेकंदांनी पुन्हा सुरू व्हायचे. त्या थांबण्यावर जाणकारांनी लेख लिहिले होते. पुढं मैफलीतही हे तिथं तसेच थांबायचे आणि माईंकडे बघून मिशीतल्या मिशीत हसायचे. भरल्या सभागृहात! माईंची मान आपसूक ताठ व्हायची.

"नुसती शांतता कोणाचीच नसते," लेकीनं बोलावलेला वकील म्हणाला. "पण त्यानं ती आपल्या टेपवरूनच उचलली असेल, तर गोष्ट वेगळी. शांततेतही खोलीचे बारीक आवाज असतात. दोन्हीकडे तेच निघाले, की तो सापडला."

"आमच्या खोलीत कसले आवाज? धुळीचा कण राहू द्यायचे नाही मी. रोज दुपारी हे लवंडले, की ते टेपचं यंत्र मीच पुसायचे. पुढं ह्यांनी खोलीला कुलूपच घातलं. कलावंताची लहर, दुसरं काय!"

"मला तर जवळही फिरकू द्यायचे नाहीत," लेक म्हणाली. "लाल बटण दाबलंस तर आधीचं सगळं पुसलं जाईल, म्हणायचे."

"तू होतीसच धसमुसळी."

"आणि आवाज नाही जुळले तर?" लेकीनं वकिलाला विचारलं.

"तर ती शांतता त्याचीही."

माईंचा चेहरा उतरला. "ह्यांचं सगळं मोठेपण त्या चाळीस सेकंदांत आहे हो. कान देऊन ऐका."

वकिलानं आधी त्या चोराची रेकॉर्ड लावली. आवाज टोकापर्यंत वाढवला. खरखर. मग फडकं झटकल्याचा आवाज. मग कापडाआडून कुणी बोलावं तसं, अगदी पुसट, काहीतरी.

"बाई बोलतेय कुणीतरी!" लेक ओरडली. "आता आपली लावा."

तीच खरखर. तेच फडकं.

"सापडला!" लेकीनं टाळी वाजवली. माई मात्र जागच्या हलल्या नाहीत. पुढचे शब्द इथं स्वच्छ ऐकू येत होते.

"अगं बाई! हे लाल बटण दाबलं गेलं वाटतं... जाऊ दे, ह्यांना कुठं कळतंय."