तांदळातलं नाव

जालन्याहून निजामाच्या रेल्वेनं, मंग छकड्यानं, गोपिकाबाईंनी सगळं घर वेरूळच्या लेण्यांपाशी दोन दिसांच्या मुक्कामाला आणलं. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘गोपिका’ लिहिलं, तेव्हापासून माहेरच्या नावानं हाक मारणारं कुणी राह्यलंच न्हाई. आता तर त्यांच्यापुढं घरात कुणी तोंड वर करीत नसे.

सुनांना चुलीपाशी बसवून त्या एकट्याच लेण्यात शिरल्या. आतून हाकेमागं हाक घुमत राह्यली.

“देवांना बी कामाला लावलं काय आत्याबाईंनी?” थोरली सून हसली.

त्या बाहेर आल्या तशी धाकटीनं भीतभीत विचारलं, “आत्याबाई, साळू कोण वो? लई हाका मारल्या तिला.”

“भाकर करपून राह्यली, तिकडं बघ.” पदर सावरत त्या पुढं निघाल्या, अन् पाठमोऱ्याच म्हणाल्या,



“होती एक पोर. लग्नाच्या दिशी हरवली.”